ताई, जाड सोलचे शूज घेऊ का?

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या ट्रेल रनिंगबद्दल, म्हणजे डोंगरवाटांवर पळण्याबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न शूजचेच आहेत. त्यातही सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडलीय, ते जाडजूड कुशनवाले शूज घ्यायचे की नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसले तर अंक पुरायचा नाही, म्हणून सहा प्रश्न निवडलेत. बाकीच्यांनी आपापलं उत्तर यातच शोधा, नाही सापडलं तर परत लिहा, मी काही रागवत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. वय ३८, वजन ८४ किलो. रोडवर ६ हाफ मॅरेथॉन झाल्यात. डिसेंबरमध्ये पहिली ५० किलोमीटरची ट्रेल अल्ट्रा करायचीय, सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यातली. दुकानात गेलो तर तिथल्या पोराने ४० मिमी सोलचा जोड समोर ठेवला, म्हणाला सर तुमच्या वजनाला हेच, गुडघे वाचतील. माझा ट्रेकवाला मित्र म्हणतो पातळ सोल घे, जमीन पायाला कळली पाहिजे, नाहीतर मुरगळलाच म्हणून समज. १५ हजारांचा मामला आहे, कोणाचं ऐकू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अर्धं त्या पोराचं ऐका, अर्धं मित्राचं, आणि १५ हजार अजून खिशातच ठेवा.

आधी हे जाड सोलचं खूळ आलं कुठून ते सांगते, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीत आन्सी म्हणून गाव आहे, तिथे २००९ साली निकोला मेर्मू आणि जाँ-ल्यूक दियार या दोघांनी होका ही शूजची कंपनी सुरू केली, दोघंही आधी सालोमन या स्की आणि शूजवाल्या कंपनीत होते. त्यांना हवा होता डोंगर उतरताना बिनधास्त सुटता येईल असा शूज. स्कीच्या फळ्या रुंद झाल्या, माउंटन बाइकचे टायर जाड झाले, टेनिसच्या रॅकेटी मोठ्या झाल्या, मग शूजनेच काय घोडं मारलंय, असा सरळ हिशोब. तेव्हा हवा नेमकी उलटी होती, लोक अनवाणी नाहीतर पाच बोटांच्या मोज्यांसारखं काहीतरी घालून पळत होते, त्यामुळे यांचे शूज बघून सगळे हसले, सर्कशीतले बूट म्हणाले. पुढे हसणाऱ्या कंपन्यांनीच तसे काढले ती गोष्ट वेगळी. (आणि आपल्याकडे त्या कंपनीच्या जुन्या नावाचं 'होका वन वन' करतात ना, ते 'ओने ओने' आहे, माओरी भाषेतलं.)

तर जाड सोल जन्माला आला तोच उतारासाठी. पण त्या दोघांनी नुसती उंची वाढवली नव्हती हो, सोल खालून रुंदही केला आणि पाय फोमच्या वर ठेवण्याऐवजी फोमच्या आत बसवला. पाटावर बसणं आणि टोपलीत बसणं यात जो फरक आहे तोच. दुकानात हे कोणी सांगत नाही, तिथे फक्त मिलिमीटर चालतात, ४० मिमी सर, ३८ मिमी सर, जसा काही फ्लॅटचा कार्पेट एरिया.

म्हणून शूज हातात घ्या आणि उलटा करून बघा. मध्यभागी, म्हणजे पायाची कमान येते तिथे, सोल चिमटीत धरल्यासारखा बारीक झालाय का? मग तो कितीही भारी असो, डोंगरात नको. मग मागून बघा, टाचेपाशी खालचा सोल वरच्या कापडापेक्षा दोन्ही बाजूंना थोडा बाहेर आलाय का, आणि आत हात घातलात तर फोमच्या भिंती बाजूने वर चढलेल्या लागतात का. हे दोन्ही असेल तर ३३ काय न् ३५ काय, पाय हलत नाही. मग घालून जिन्याकडे जा, पायरीवर आडवे उभे राहा, कठडा धरा आणि एका पायावर तोल घ्या. घोटा लटपटायला लागला की तो जोड गोड बोलून परत. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी रोडचे शूज घालून, तेही लोण्यासारखे मऊ आणि पुढून होडीसारखे वर वळलेले, आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड उतरत होते. वाट कोरडी, वर मुरूम सुटलेला. दगड म्हणाल तर सुपारीएवढा. पातळ सोल असता तर पायाला नुसता टोचला असता, इथे टोचलाच नाही, डायरेक्ट शूज कलंडला आणि पाय आत वळला, कट्टकन आवाज आला तो मागून येणाऱ्या काकांनीही ऐकला. जितके उंच उभे तितका घोटा जास्त वळतो आणि सावरायला वेळ तितका कमी, एवढं साधं गणित आहे. ताकवाल्या मावशींनी गार ताकाची बाटली घोट्याला धरायला दिली, पाच मिनिटांनी तीच प्यायला दिली. सहा आठवडे पळणं बंद.

मग मित्राचं बरोबर का? पूर्ण नाही. त्याचा ट्रेक म्हणजे पाच तास, त्यात दोनदा बसून पोहे. तुम्ही ५० किलोमीटरला दहा-बारा तास सलग पायावर असणार, आणि आपला सह्याद्री म्हणजे बसाल्ट, सगळा कातळ, तो आल्प्सच्या पाइनच्या पानांनी भरलेल्या जंगलवाटेसारखा पायाखाली दबत नाही. त्यात मध्ये गावांना जोडणारे डांबरी तुकडे येतात ते वेगळेच. तिसाव्या किलोमीटरनंतर तळवे भाजायला लागले की माणूस पाय टाकायचा तिथे टाकत नाही, कसाही टाकतो, आणि पडतो तो तेव्हाच. कुशन त्यासाठी हवं, शेवटच्या वीस किलोमीटरसाठी.

आता वजन. ८४ किलोला मऊ फोम नको, घट्ट हवा. फार मऊ गादीत माणूस झोपला की पाठ खालच्या फळीला टेकते तसंच होतं, उंची कागदावर राहते. सोलच्या बाजूला अंगठा दाबून बघा, अंगठा रुतला तर मऊ, दबून लगेच वर आला तर ठीक. पेबा वगैरे नवे फोम उसळतात छान, हलकेही असतात, पण उतारावर ती उसळी आपल्याला नको असते आणि किंमत मात्र त्याचीच घेतात.

गुडघे वाचतील हे वाक्य मात्र सोडून द्या. फिनलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जाड सोल आणि साधा शूज तुलना करून बघितला तर जाड सोलमध्ये माणूस पाय जास्त ताठ ठेवतो आणि जोरात पळताना जमिनीचा दणका उलट वाढतो असं दिसलं. २०२० मध्ये लक्झेंबर्गमध्ये ८०० हून जास्त जणांवर अभ्यास झाला, त्यात जरा मऊ शूजवाल्यांना दुखापती कमी झाल्या, पण तो फायदा दिसला हलक्या वजनाच्या लोकांमध्ये. म्हणजे तुमच्या वजनाला हेच, हे त्या पोराने कुठून आणलं त्यालाच माहीत. तोरण्याच्या उतारावर गुडघे वाचवतात त्या मांड्या. दर रविवारी एक तरी उतार पळून काढा, सुरुवातीला सोमवारी जिना उतरता येणार नाही, येऊ देऊ नकाच.

माझं मत विचाराल तर ३० ते ३५ मिमी, घट्ट फोम, रुंद बूड, टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप ४ ते ८, खालचे दात ४ मिमीच्या आसपास. आणि ऑक्टोबरच्या आत घ्या, निदान एक २५ किलोमीटरची दौड त्यावर झाली पाहिजे. नवे शूज घालून रेसला उभं राहणारे दरवर्षी दिसतात, दुपारी कुठल्यातरी झाडाखाली ते मोजे काढून बसलेले असतात.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीजवळ राहतो, रोज सड्यावर पळतो. आठ महिन्यांत सोलचे दात झिजून गुळगुळीत, मधला फोम तर तुकडे तुकडे होऊन निघतोय. पावसात घसरतो ते वेगळंच. वॉटरप्रूफ शूज घेऊ का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचा सडा म्हणजे जांभा, आणि जांभा म्हणजे खवणी. त्यावर नारळ खवता येईल तिथे फोम कसा टिकणार. कुशनवाले बरेच शूज वजन कमी करायला सोलखाली सगळीकडे रबर लावत नाहीत, मध्ये मध्ये फोम उघडा सोडतात, रोडवर ते चालतं, जांभ्यावर तो उघडा भाग आधी जातो. तेव्हा घेताना खालून पूर्ण रबर आहे ना ते बघा, आणि दात ३-४ मिमीचे, जवळजवळ लावलेले. पाच-सहा मिमीचे लांब दात मावळातल्या चिखलाला लागतात, कडक दगडावर ते वाकतात आणि मुळातून तुटतात.

रबर म्हटलं की सोलवरचा तो पिवळा अष्टकोनी शिक्का सगळ्यांना माहितीय, व्हायब्राम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा. त्यामागे एक वाईट गोष्ट आहे. व्हिताले ब्रामानी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती १९३५ मध्ये डोंगरात दगावले, पायातले बूट त्या हवेला आणि त्या दगडाला पुरे पडले नाहीत हेही त्यात एक कारण. त्याने मग १९३७ मध्ये रबरी दातांचा सोल काढला, आज आपण पायात घालतो तो त्याचाच वंश. त्यांचं मेगाग्रिप रबर ओल्या कातळावर खरंच धरतं, मी वापरते. पण शेवाळावर काही म्हणजे काही धरत नाही, हिरवं दिसो नाहीतर काळं चकचकीत दिसो. तिथे चालत उतरायचं, बसून घसरत उतरलात तरी कोणी फोटो काढत नाही.

वॉटरप्रूफ अजिबात नको. कोकणातला पाऊस शूजच्या वरून, घोट्याकडून आत येतो, आणि वॉटरप्रूफ शूज त्याला बाहेर जाऊ देत नाही, मग पायात दोन तळी घेऊन पळा. साधी जाळी बरी, पाणी आलं तसं गेलं. घरी आल्यावर आतलं इनसोल काढायचं, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. पत्र्यावर कडक उन्हात किंवा गॅसजवळ नाही. मी एकदा घाईत गीझरवर ठेवले होते, पुढच्याच महिन्यात राजगडाच्या संजीवनी माचीवर उजव्या शूजने मगरीसारखा जबडा उघडला. सॅकची नाडी काढून सोल बांधला आणि तशीच फताक फताक करत गुंजवण्यापर्यंत आले. कंपनीने सांगितलं ही वॉरंटीत बसत नाही, आणि गीझरचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यामुळे जास्त बोलताही येईना.

प्रश्न : काकू, प्रत्येक लाँग रननंतर दोन्ही अंगठ्यांची नखं निळीकाळी होतात. एक तर पडलंच. आई म्हणते पळणं बंद कर. कुशन कमी पडतंय का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काकू म्हणालीस, चालेल, गुडघेही तेच म्हणतात.

कुशनचा संबंध नाही गं. उतारावर पाय पुढे सरकतो आणि नख पुढच्या भिंतीवर आपटतं, तासाला हजारो वेळा. एकतर तुझा शूज लहान आहे. लांब पळताना पाय सुजतो, म्हणून शूज संध्याकाळी घ्यायला जायचं, पळायचे मोजे बरोबर न्यायचे, उभं राहून अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याची रुंदी राहते का बघायची. बहुतेकांना कॉलेजच्या शूजपेक्षा अर्धा नाहीतर एक नंबर मोठा लागतो, त्यात लाज कसली.

दुसरं म्हणजे लेस. शूजच्या अगदी वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं, कोणी वापरत नाही. त्यात लेस बाहेरून आत घाल, पण पलीकडे नेऊ नकोस, त्याच बाजूला छोटा कान ठेव, दुसरीकडेही तसंच. मग उजवी लेस डाव्या कानातून आणि डावी उजव्या कानातून काढ, टाच जमिनीवर आपटून मागे बसव आणि खाली ओढून नेहमीची गाठ मार. टाच अशी धरली जाते की पाय पुढे जातच नाही. उतार लागायच्या आधी एक मिनिट थांबून हे करायचं. नखं आदल्या दिवशी नको, दोन-तीन दिवस आधी काप. काळं झालेलं उपटू नकोस, आपोआप सुटतं, ठणकायला लागलं तर डॉक्टरकडे जा. आणि आईला म्हणावं नवं येतं.

प्रश्न : दादा डिसेंबरमध्ये सॅन होजेहून येतोय, शूज तिकडून मागवू म्हणते. त्याला साइज काय सांगू? इथे मी यूके ६ घालते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : नंबर सांगूच नका. अमेरिकेत बायकांचे आणि पुरुषांचे नंबर वेगळे चालतात, त्यात यूकेशी फरक कंपनीगणिक बदलतो, कुठे अर्धा, कुठे एक, कुठे दोन. बरीच मंडळी दिवाळीला आलेला महागडा जोड वहिनीला देऊन मोकळी झालीत. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभ्या राहा, संध्याकाळी, मोजे घालून, पेन्सिलने पाय काढा, दोन्ही, आणि जो लांब भरेल तो सेंटीमीटरमध्ये सांगा. शूजच्या जिभेवर आत सेंटीमीटर छापलेले असतात, दादाला तेच जुळवायला सांगा, आणि ते माप पायापेक्षा अर्धा-एक सेंटीमीटर जास्त हवं. पाय पंजात रुंद असेल तर तिकडे फायदा आहे, तिथे रुंदीही निवडता येते, बायकांमध्ये बी म्हणजे नेहमीचा आणि डी म्हणजे रुंद, पुरुषांमध्ये डी नेहमीचा आणि २ई रुंद. अनवाणी वाढलेल्या आपल्या पायांना ते बऱ्याचदा लागतं. फक्त एक, न घालता आलेला शूज जुगार असतो. तेच मॉडेल इथे कुठल्यातरी दुकानात आधी पायात घालून बघा.

प्रश्न : झिरो ड्रॉपचे शूज घेतले, म्हणजे टाच आणि पंजा एकाच उंचीवर. खाली कुशन भरपूर आहे. तरी तीन आठवड्यांत पोटऱ्या दगड झाल्यात आणि टाचेमागची शीर सकाळी धरते. शूज खराब लागले का? – एक वाचक, सातारा

उत्तर : शूज चांगले आहेत, घाई वाईट आहे. आयुष्यभर दहा-बारा मिमी उंच टाचेचे शूज घालून पळालात, पोटरी तेवढीच आखडून बसलीय, तिला एकदम खाली आणलंत तर ती बोंब मारणारच. ऑल्ट्रा ही शूजची कंपनी पहिल्यापासून झिरो ड्रॉपसाठीच ओळखली जाते, त्यात पळणारे शंभर मैलही पळतात, पण हळूहळू जावं लागतं. कुशन जाड आहे म्हणून ड्रॉप कळणार नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीर दुखतेय तोवर जुने शूज काढा, यवतेश्वरचा घाट काही दिवस विसरा. थांबली की नवे शूज आठवड्यातून एकदा, तीन किलोमीटर, सपाटीला. दोन-तीन महिने द्या. सकाळचं दुखणं पंधरा दिवसांत गेलं नाही तर फिजिओ गाठा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, बजेट ४ हजार. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज आहेत, त्यावर पळू का? आणि शूज संपले हे कळतं कसं? मित्र एकाच जोडात तीन वर्षं पळतोय. – एक वाचक, जुन्नर

उत्तर : ॲक्शनच्या शूजना नावं ठेवली तर अर्धा सह्याद्री माझ्या अंगावर येईल. कातळावर त्यांनी पिढ्या सांभाळल्यात. पण ते चढायचे-उतरायचे, वजनाला जड, सोल कडक. शिवनेरीला आठ-दहा किलोमीटर हळू पळायला ठीक, २५ च्या पुढे पायाचे हाल होतील. ४ हजारांत डेकॅथलॉनमध्ये ट्रेलचे साधे शूज बघ, सेलमध्ये जुनं मॉडेल सापडलं तर सोनंच, मागच्या वर्षीचा रंग डोंगराला कळत नाही. मोजे मात्र सुती नकोत, त्यासाठी चारशे रुपये बाजूला काढ, फोड शूजपेक्षा मोज्यांनी जास्त येतात.

संपल्याचं म्हणशील तर साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, पण वजन आणि जमीन यावर ते बदलतं, आपल्याकडे लवकरच. फोममध्ये बारीक बुडबुडे असतात, ते दबून दबून मरतात, वरून शूज नवा दिसला तरी. टेबलावर दोन्ही शूज ठेव, डोळे टाचेच्या उंचीला आण आणि मागून बघ. एक जरी एका बाजूला कललेला असेल, किंवा सोलच्या बाजूवर आडव्या सुरकुत्या पडून तिथे अंगठा दाबल्यावर काही हलतच नसेल, तर गेला तो. आणि नेहमीच्या दौडीनंतर विनाकारण नडगी दुखायला लागली तर टेबलाचीही गरज नाही.

मित्राचा तीन वर्षांचा जोड मला फोटो काढून पाठव. दूध आणायला घाल म्हणावं अजून तीन वर्षं, हडसरला मात्र नको.